शत्रू कुठल्या सुरात येतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'व्हिडिओ गेममधलं संगीत' हा आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळींचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल, तर त्यांना विनंती, जरा थांबा. मी कवी माणूस. आगाशीत राहतो, मराठीत गझला आणि कविता लिहितो, शिक्षण बी.ए.पर्यंत. संगणकाशी माझं नातं टंकलेखनापुरतं. तरी हा विषय मी स्वतः मागून घेतला. कारण चालीनं माणसाचं मन कसं फिरवता येतं, हा प्रश्न कवीला परका नाही. एकच शेर नुसता वाचला तर लोक मान डोलावतात, तोच तरन्नुममध्ये म्हटला की डोळे पुसतात. शब्द तेच असतात. खेळातलं संगीतही हेच करतं. फरक एवढाच की समोर श्रोता नसतो, खेळाडू असतो, आणि हा फरक वरवर दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

सिनेमाच्या संगीतकाराला पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असतं. खलनायक अमुक सेकंदाला दार उघडणार, तेव्हा व्हायोलिनं त्याच सेकंदाला किंचाळणार. खेळात तशी सोय नाही. खेळणारा पोरगा त्या दारासमोर दहा मिनिटं उभा राहील, मधेच आईनं हाक मारली म्हणून उठून जाईल, किंवा दार न उघडता भिंतीवर उड्या मारत बसेल. संगीताला त्याची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहतंय असं जाणवूही द्यायचं नाही.

हे काम आपल्या मातीत नवं आहे का? मला तसं वाटत नाही. कुस्तीचा फड डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरचं खासबाग मैदान घ्या, शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेलं. मल्ल एकमेकांचा अंदाज घेत फिरतायत, खडाखडी चाललीय, तोवर हलगी सावध, संथ वाजते. एकानं पट काढायला हात घातला की हलगीवाल्याची काठी चढते. डाव सुटला की पुन्हा खाली येते. हलगीवाल्याला निकाल ठाऊक नसतो. त्याची नजर मल्लांच्या पायांवर असते आणि हात चामड्यावर. बघणाऱ्या हजारो लोकांच्या छातीचे ठोके मात्र तो ठरवतो, आणि मला वाटतं, मल्लांचेही. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर पेटी-तबला घेऊन बसणारे वादकही असेच पडद्याकडे बघत वाजवायचे. पुढे सिनेमा बोलू लागला, संगीत फितीवर छापलं गेलं आणि ही बघत बघत वाजवण्याची कला सिनेमातून गेली. ती परत आली ती खेळांत, तीही यंत्राच्या हातून.

सुरुवात अगदीच गरिबीची होती. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' हा खेळ केला. परग्रहावरचे शत्रू ओळीनं वरून खाली सरकत येतात, आपण खालून गोळ्या झाडायच्या. संगीत म्हणजे खर्जातले चार उतरते स्वर, तेच पुन्हा पुन्हा. पण शत्रू मारत जाल तसे उरलेले अधिक वेगानं चालू लागतात. म्हणजे खरं तर यंत्रावरचा भार हलका होतो, म्हणून ते पळतात. आणि त्यांच्या चालीबरोबर ते चार स्वरही पळू लागतात. विजय जवळ येतोय आणि भीती वाढतेय, असा उलटा हिशेब त्या चार स्वरांनी मांडला. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतलं पुष्कळसं काही त्यात बीजरूपानं आहे, असं मला वाटतं.

मग १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. संगीतकार कोजी कोंडो. हाताशी पाच आवाज. दोन बासरीसारखे टोकदार, एक खर्जाचा, एक नुसती खरखर, जिच्यातून ढोल-झांजा काढायच्या, आणि पाचव्यावर ध्वनिमुद्रणाचा बारीकसा तुकडा वाजवण्याची सोय. एवढ्या भांडवलावर या माणसानं जमिनीवरची दौड वेगळी केली, तळघरातला अंधार वेगळा केला आणि पाण्याखाली गेल्यावर तीन मात्रांचा झोका आणला, आपल्या दादऱ्याच्या जवळचा. पाण्यात शरीर हलकं होतं, हे त्या चालीनं बोटांना शिकवलं. आणि घड्याळात शंभराहून कमी आकडे उरले की तीच चाल घाईनं वाजू लागते. परीक्षेत शेवटची दहा मिनिटं राहिल्याची घंटा होते ना, तसं पोटात गोळा येतं.

हा खेळ आपल्याकडे बहुतेकांनी पाहिला तो टीव्हीला जोडायच्या स्वस्तातल्या नकली डब्यांवर. कॅसेटवर 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव इन वन' असं लिहिलेलं असायचं आणि आत पाच-सहाच खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरत असायचे. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी आमच्या आळीत प्रत्येक खिडकीतून 'काँट्रा'च्या जंगलाची चाल बाहेर यायची. अंगणात सुकेळीसाठी केळी वाळत घातलेली आणि आतून हा लढाईचा धडाका. बायका म्हणायच्या, काय हे पिपाणी वाजवल्यासारखं! पण संध्याकाळी त्यातलीच एखादी धुणं काढताना तीच चाल गुणगुणायची, हे मी स्वतः ऐकलं आहे.

विरार स्टेशनाजवळच्या गेम पार्लरची गोष्ट सांगायलाच हवी. कॅपकॉम कंपनीचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ. अमेरिकन चित्रकथेवर बेतलेला. हे लांबलचक नाव आपल्याकडे कुणी घेतलंच नाही. देशभरातल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं 'मुस्तफा'. कारण त्यातल्या चार वीरांपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो. पिवळी टोपी, पायात वारं. सगळ्यांना तोच हवा असायचा. आता साल लक्षात घ्या. मुंबईच्या दंगली नुकत्याच होऊन गेलेल्या. लोकल गाडीत नाव सांगताना जीभ अडखळायची, असे ते दिवस. आणि इकडे अंधाऱ्या पार्लरमध्ये रुपया मुठीत धरून पाटील, म्हात्रे, डाबरे, शेख अशी सगळी पोरं भांडतायत, 'आज मुस्तफा मी होणार, काल तू झाला होतास!' मी तेव्हा विशीतला. नोकरीवरून परतताना उगाच पाच मिनिटं त्या दारात उभा राहायचो. आतून ती चाल येत असायची. टप्प्याच्या शेवटी मोठा शत्रू आला की चाल बदलायची आणि सगळी पोरं एकदम गप्प व्हायची. खेळायला मी कधी गेलो नाही. ते भांडण ऐकायला उभा राहायचो.

त्याच पार्लरमध्ये दुसऱ्या भिंतीला १९९१चा 'स्ट्रीट फायटर टू' असायचा. त्यात प्रत्येक देशाच्या पहिलवानाला त्याच्या देशाची म्हणून एक चाल. बरंचसं संगीत योको शिमोमुरा या बाईंचं. भारताचा पहिलवान धालसिम, गळ्यात कवट्या, तोंडातून आग, हात रबरासारखे लांब होणारे, आणि मागे हत्ती उभे. जपानमधून आपण कसे दिसतो ते कळलं. पण एक गोष्ट हलगीवाल्यालाही पटेल अशी. एखाद्या लढवय्याचा जीव संपत आला की तीच चाल जलद होते. दोघांसाठी होते, जिंकणाऱ्यासाठीही आणि हरणाऱ्यासाठीही.

पुढची मोठी झेप १९९१चीच. अमेरिकेतल्या लुकासआर्ट्समध्ये मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल या दोघांनी 'आयम्यूज' नावाची योजना तयार केली आणि ती 'मंकी आयलंड टू' या खेळात वापरली. त्यांची अडचण समजायला सोपी आहे. खेळाडू एका जागेतून दुसऱ्या जागेत गेला की चाल बदलायची. पण मधेच तोडून बदलली तर कानाला ठेच लागते. म्हणून यंत्र थांबतं, चालू असलेलं वाक्य संपू देतं, योग्य मात्रेवर एक छोटा जोडतुकडा वाजवतं आणि मगच नव्या चालीत शिरतं. आपल्या तबलजीला हे सांगितलं तर तो म्हणेल, 'मग त्यात काय, तिहाई घेऊन समेवर आला.' अगदी तेच. यंत्राला सम कळली.

दुसरी युक्ती थरांची. एकाच तालात चार-पाच थर एकदम चालू ठेवायचे, पण ऐकू एकच द्यायचा. तुम्ही रानातून चाललाय तोवर नुसती तार छेडली जाते. शत्रूनं तुम्हाला पाहिलं की खालून ढोलाचा थर वर येतो. तलवार भिडली की तुताऱ्या. संकट टळलं की एकेक थर निघून जातो आणि तार उरते, जिनं वाजणं थांबवलंच नव्हतं. गंमत अशी की खेळाडूला यातलं काही ऐकू येत नाही. त्याला फक्त वाटतं, की आपल्याला भीती वाटतेय.

माझा पुतण्या विरारच्या एका कॉलेजात शिकतो. त्याला एकदा रात्री आवाज बंद करून खेळताना पाहिलं, कारण शेजारच्या खोलीत त्याची दादी आजारी होती. पोरगा सारखा मरत होता. म्हणजे खेळात. 'का रे, आज हात चालत नाही?' तर म्हणतो, 'चाचा, आवाज नाही तर मागनं कोण येतोय ते कळतच नाही.' पबजीच्या घराण्यातले खेळ तर असे आहेत की मैदानात उतरल्यावर त्यांत संगीत जवळजवळ नसतंच. पावलं ऐकायची. गवतावरचं पाऊल वेगळं, लाकडी जिन्यावरचं वेगळं. शंभर माणसं एका बेटावर आणि पार्श्वसंगीत शून्य. ही शांतता कुठल्याही ढोलापेक्षा जास्त घाबरवते.

शांततेचा याहून थोर उपयोग मला दिसला तो 'शॅडो ऑफ द कोलोसस' या २००५च्या जपानी खेळात. पुतण्यानं मला तो शेजारी बसवून दाखवला. एक तरुण, एक घोडा, ओसाड मुलूख. मैलोन्‌मैल संगीत नाही, वारा आणि टापा. डोंगराएवढा प्राणी समोर आला की मगच वाद्यमेळ उठतो. संगीतकार को ओतानी. लढाईत तो मेळ तुम्हाला वीर करतो, प्राण्याच्या अंगावर चढवतो. आणि प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचा नगारा वाजत नाही, शोकाची चाल सुरू होते. मी पुतण्याला म्हटलं, हा तर मर्सिया आहे. पोवाडा आणि मर्सिया, दोन्ही लढाईचीच काव्यं. पोवाड्यात डफ पुढे ढकलतो. मर्सिया करबलाच्या मैदानात पडलेल्यांसाठी म्हटला जातो, हरलेल्यांच्या बाजूनं. शाहीर अमर शेखांच्या मराठीवर जीव असलेला मी माणूस, डफाशी माझं वैर नाही. पण जिंकलेल्या हातालाच मर्सिया ऐकवायचा, ही कल्पना एका खेळवाल्याला सुचावी याचं मला अजून नवल वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय मागून घेतला, तिच्याकडे येतो.

एका संध्याकाळी पुतण्या दुसराच एक युद्धखेळ खेळत होता. नाव सांगत नाही, असे खेळ पुष्कळ आहेत. वाळूचा रंग, पडक्या इमारती, वाळत घातलेले कपडे. मागे एका बाईचा आर्त आलाप, शब्दांशिवाय. माझे कान टवकारले. कोमल रिषभ, आणि तिथून एकदम उडी शुद्ध गंधारावर. तेवढ्यात पोराची मूठ आवळली. म्हणाला, 'आता दुश्मन येणार.' मी विचारलं, 'दिसला का?' तो म्हणाला, 'नाही, म्युझिकवरनं कळतं.' आणि खरंच, तीन क्षणांत गच्चीवर माणसं आली.

श्रोतेहो, ती जी स्वरांची उडी आहे, ती अरबी संगीतात हिजाज मकामाची ओळख. जगात अनेक ठिकाणी अजान याच स्वरांत दिली जाते. आणि आपल्याकडे हीच उडी भैरवात आहे. पहाटेचा राग. देवळातल्या काकड आरतीच्या वेळेचा, फजरच्या वेळेचा. आगाशीत पहाटे जाग आली तर अर्धवट झोपेत हे स्वर कुठून येतायत ते कधी कधी कळतही नाही, मशिदीच्या बाजूनं की कुणाच्या रेडिओवरून. माझ्या आयुष्यात ते उजाडण्याचे स्वर आहेत. माझ्या घरातल्या पोराच्या बोटांना मात्र ते शत्रूचे स्वर म्हणून पाठ झाले होते. त्याला कुणी तसं शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर त्यानं वाद घातला असता. हे डोक्याच्या दारानं आत आलंच नाही.

खेळ करणारे सगळे द्वेषानं करतात असं मी म्हणत नाही. बहुतेकदा हा आळस असतो. वाळवंट म्हटलं की तो आलाप, भारत म्हटलं की सतार. १९९८च्या 'ऑकारिना ऑफ टाइम' या गाजलेल्या खेळाच्या पहिल्या प्रतींमध्ये तर एका आगीच्या गुहेचं वातावरण करायला इस्लामी प्रार्थनेचे स्वर वापरले होते. विकत मिळणाऱ्या तयार ध्वनिसंग्रहातला तुकडा होता. गूढ वाटला, घेतला. पुढच्या प्रतींत तो काढून टाकला. याच्या उलट प्रकार २००८चा. 'लिटल बिग प्लॅनेट' या सोनीच्या खेळातल्या एका गाण्यात कुराणातल्या दोन ओळी आहेत असं एका खेळाडूनं कळवलं आणि कंपनीनं ऐनवेळी तबकड्या परत बोलावल्या, प्रकाशन लांबणीवर टाकलं. गाणं होतं मालीच्या तुमानी जाबाते यांचं. कोरा हे तंतुवाद्य वाजवणारे जगप्रसिद्ध कलावंत, स्वतः श्रद्धाळू मुसलमान, २०२४ साली ते गेले. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे असं गाणं ही नेहमीची गोष्ट आहे. कव्वालीच्या देशात वाढलेल्या मला ते पटतं. पण त्या ओळी वाजत असताना पडद्यावर एक कापडी बाहुलं धडपडतंय, मरतंय, पुन्हा उठतंय, हे डोळ्यांसमोर आणलं की तक्रार करणाऱ्याचंही मला पटतं. दोन्ही एकदम पटणं गैरसोयीचं आहे, पण आहे ते असं आहे.

स्वराला अर्थ कोण देतं? आमच्या वसई परगण्याला हा प्रश्न जुना आहे. १७३७ साली अर्नाळा मराठ्यांच्या हाती आला, १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा हत्तींवरून, गाड्यांवरून निघाल्या आणि महाराष्ट्रभरच्या देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला गेलात तर १७२९ साल कोरलेली घंटा अजून बघायला मिळते. धातू तोच, नाद तोच. एकीकडे ती मिस्साला बोलवायची, दुसरीकडे महादेवाला जागवते. नादाला स्वतःला धर्म नव्हता, तो टांगणाऱ्यानं दिला.

शत्रूच्या संगीताचं पुढे काय होतं याचाही एक नमुना आमच्याकडे दर हंगामात रस्त्यावर दिसतो. उस्मानी तुर्कांच्या फौजेपुढे मेहतर नावाचा वाद्यमेळ चालायचा. मोठे ढोल, झांजा, आपल्या सनईची बहीण शोभेल अशी झुर्ना. सतराव्या शतकात व्हिएन्नाच्या तटाआत लोक तो ऐकून थरथरायचे. शंभरेक वर्षांत भीती ओसरली आणि त्याची फॅशन झाली. मोझार्टनं १७८२च्या आपल्या ऑपेरात तुर्की रंग म्हणून मोठा ढोल आणि झांजा घातल्या. युरोपच्या लष्करी बँडांनी ती वाद्यं आपलीच केली. त्या बँडांतून इंग्रजांच्या पलटणींत, पलटणींतून आपल्या गावांत. आज वसईत लग्नाच्या मिरवणुकीपुढे बँड चालतो, मोठा ढोल धडाडतो, झांजा वाजतात. घाबरवण्यासाठी जन्मलेला आवाज आहे तो. आता त्यावर मामा-मावश्या नाचतात.

मग आपले खेळ कुणी करतंय का? करतायत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं २०२० साली 'राजी' नावाचा खेळ आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी, तिच्या मागे दुर्गा आणि विष्णू, कथा सांगायला कळसूत्री-छायेचा खेळ. २०१७ साली लोकवर्गणीची मोहीम फसली तरी त्यांनी तो पुरा केला. संगीत भारतीय वाद्यांचा रंग घेतलेलं, पण संगीतकार लिनोस त्झेलोस, ग्रीसचे. परक्यानं आपले सूर हाताळू नयेत असं मी म्हणणार नाही, वर बँडची गोष्ट सांगून तर मुळीच नाही. फक्त मनात येतं, की हलगीवाल्याचा मुलगा कधी या खुर्चीवर बसेल का? आठ मात्रांत फड पेटवायची आणि दोन मात्रांत विझवायची विद्या त्याच्या घरात आहे. त्याला कुणी जाऊन विचारलेलं मी ऐकलं नाही.

पुतण्या आणि त्याचे तीन मित्र सध्या एक लहानसा खेळ करतायत, मोबाइलवरचा. जागा अर्नाळ्याचा किल्ला. पैसे नाहीत, फुकट मिळणारी साधनं आहेत. आवाजांचं खातं याच्याकडे. गेल्या महिन्यात तो माझी जुनी पेटी मागून घेऊन गेला. एका लग्नात ताशेवाल्यांच्या मागे मोबाइल धरून अर्धा तास चालला. मग एका संध्याकाळी मला किनाऱ्यावर घेऊन गेला. बेटावर जाणाऱ्या होडीचं इंजिन, वाळत टाकलेल्या बोंबलांवरचे कावळे, तटाच्या आतल्या विहिरीत पडणारी बादली, एकेक आवाज त्यानं टिपला. परतीच्या होडीत त्यानं विचारलं, 'चाचा, बुरुजावर शत्रू येतो तेव्हा काय वाजवू?'

मी म्हटलं, 'शत्रू कोण आहे तुमचा?'

म्हणाला, 'ते अजून ठरलं नाही. पोर्तुगीज म्हणत होतो, पण आमच्यातला एक वसईगावातला ख्रिश्चन आहे. तो म्हणतो, नेहमी आम्हीच का?'

चौघांचं त्यावर अजून भांडण चालू आहे. तोवर त्यानं एक तात्पुरती सोय केलीय. शत्रू जवळ आला की काहीच वाजत नाही. होडीचं इंजिन बंद पडतं, कावळे थांबतात, आणि बादली विहिरीत पडते ती पाण्याला लागल्याचा आवाज येत नाही. मी कानाला लावून ऐकलं. अंगावर काटा आला, आणि तो कुणाच्या नावानं आला हे मला सांगता येईना.